दारू सोडल्यानंतरचे चार दिवस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

‘आजच दारू सोडा’ हे आवाहन आपल्या खात्याच्या प्रत्येक फलकावर असते. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर त्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्या फलकावर कुठेच नसते.

दारू मेंदूला गुंगीत ठेवते आणि त्या गुंगीवर मात करण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवत नेतो, त्यामुळे दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रात्रपाळीत मी असा रुग्ण पाहिला आहे : घामाने निथळलेला, चादरीवर नसलेले किडे चिमटीत धरून एकेक बाजूला ठेवणारा. दाराशी उभी असलेली त्याची पत्नी पुन्हा पुन्हा सांगत होती, ‘अहो, तीन दिवस थेंबही घेतलेला नाही त्यांनी.’ डायझेपामसारखे जुने, साधे औषध आणि थायमिनचे (ब-1 जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन वेळेवर मिळाले, तर हे बहुतेक वेळा टळते. थायमिनकडे दुर्लक्ष झाले, तर माणूस वाचूनही त्याची स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते.

हेरॉइनचे गणित वेगळे आहे. ते सोडताना हाल फार होतात, पण एरवी धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही. खरा धोका नंतर असतो. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडलेल्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. नॅलोक्सोन हा हेरॉइनवरचा उतारा वेळीच दिला तर तो काही मिनिटांत परत सुरू होऊ शकतो. हेरॉइनच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाणारी, त्याच जातीची मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ‘एक नशा काढून दुसरी दिली’ हा त्यांच्यावरचा आक्षेप मी सहकाऱ्यांकडूनही ऐकते; परंतु ज्या औषधाने मृत्यू कमी होतात, ते नैतिक शंकेपोटी अडवून ठेवणे मला पटत नाही.

म्हणून विनंती अशी की, फलकावर ‘रोज पीत असाल, तर सोडण्याआधी डॉक्टरांना भेटा’ हे वाक्य जोडावे. दारू सुटतानाचे उपचार प्रत्येक सरकारी रुग्णालयात रात्रीही मिळावेत. आणि हेरॉइनच्या रुग्णाला घरी सोडताना नॅलोक्सोन त्याच्या घरच्यांच्या हाती, ते कसे द्यायचे हे दाखवून, द्यावे. व्यसनमुक्ती केंद्रांकडून आपण ‘बरे होऊन गेले’ एवढाच आकडा मागवता. त्याशेजारी आणखी एक रकाना असावा : तीन महिन्यांनंतर त्यांपैकी किती जण हयात आहेत.

आपली नम्र,
व्यसनमुक्ती वॉर्डातील एक परिचारिका