बिवा सरोवराकाठून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

जोडून सुट्टी आली म्हणून बिवा सरोवराला जाऊन आले. इथे ओसाकात माझ्या नळाला येतं ते पाणी तिथलंच, त्यामुळे केव्हाचं मनात होतं. बाबा, रंकाळ्याला मारता तशी फेरी इथे मारायची म्हटली तर सायकलवर दोनशे किलोमीटर होतात. सरोवराचं वय आहे सुमारे ४० लाख वर्षं!

पण आई, तुला सांगायचंय ते पश्चिम काठावरच्या हारिए गावाबद्दल. तिथे घरोघरी ‘काबाता’ असतो, म्हणजे झऱ्यावर बांधलेली मोरीच. जमिनीतून उसळणारं पाणी आधी एका छोट्या टाक्यात पडतं, ते प्यायला. ते भरून वाहिलं की पुढच्यात, तिथे भाज्या धुवायच्या. शेवटच्या टाक्यात मासे पाळलेले. एका आजींनी भाताचं पातेलं तसंच त्यात बुडवलं, तर चांगले हातभर लांब मासे येऊन तळाची शितं टिपायला लागले. मी बघतच राहिले. तिथून पाणी गल्लीतल्या पाटाला लागतं आणि पुढे सरोवरात जातं. खालच्या घरालाही हेच पाणी जाणार, म्हणून वरचे त्यात साबण सोडत नाहीत.

सरोवराचेही वाईट दिवस आले होते. १९७७ साली सांडपाण्यामुळे शेवाळ इतकं माजलं की पाणी लाल झालं. तेव्हा काठच्या बायकांनी शेवाळाला पोसणारी फॉस्फरसवाली धुण्याची पावडर सोडून देऊन साधा साबण धरला, घरोघर फिरून पटवलं. १९७९ मध्ये प्रांताने कायदाच करून तसली पावडर बंद केली. रंकाळ्यातलं केंदाळ बघून तू किती हळहळतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं. बायकांनी मनावर घेतलं तर होतं गं!

नंतर बोटीने चिकुबू बेटावर गेले. तिथली देवी बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर इथवर आलेली. पायऱ्या १६५ आहेत. बाबा, तुमच्या गुडघ्याला जपून सावकाश चढू. वर मातीच्या दोन छोट्या ताटल्या देतात. एकीवर नाव, दुसरीवर इच्छा लिहून पाण्याकाठच्या कमानीतून फेकायच्या. मी काय लिहिलं ते तुम्ही ओळखालच.

तेव्हा पासपोर्टचं काम आता लांबणीवर टाकू नका. नोव्हेंबरात या, थंडी बेताची असते. तिकिटांचं मी बघते.

तुमची,
मनू