ऐंशी मुले एकदम नकोत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. करवीर तालुक्यात आमची घरची शेती आहे. ऊस, थोडा भुईमूग, भाजीपाला आणि गोठ्यात म्हशी. काही वर्षांपासून बालवाडी ते चौथीची मुले शेत बघायला येतात. शाळेकडून पहिला प्रश्न येतो, 'किती मुले चालतील?' आणि दुसरा, 'रेन डान्स आहे का?' शिक्षकांना मी दोष देत नाही. बस भरल्याशिवाय खर्च भागत नाही आणि पालकांना व्हॉट्सअॅपवर फोटो हवे असतात. पण पहिली-दुसरीची ऐंशी पोरे एकदम रानात उतरली की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. आम्ही ओरडून सांगतो, बाई ओरडून गप्प करतात, आणि म्हशी दावे ओढत बसतात.

शाळांना माझे एकच सांगणे आहे. एका वर्गाची वीस-पंचवीस मुले आणा, पण त्याच शेतात वर्षातून तीनदा आणा.

शहरातल्या मुलांना दूध पिशवीतून येते असे वाटते, ही गोष्ट पुण्या-मुंबईकडे खरी असेल. कोल्हापूरच्या बहुतेक पोरांच्या आजोळी नाहीतर मावशीकडे म्हैस असतेच. धार काढताना त्यांनी पाहिलेले असते. मात्र भुईमुगाचे फूल वर लागते आणि शेंग खाली, मातीत, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. खरे सांगायचे तर सोबत आलेल्या काही मोठ्यांनाही नसते. जूनमध्ये पेरलेल्या भुईमुगाला जुलैअखेर-ऑगस्टमध्ये बारीक पिवळी फुले येतात. फूल वाळले की तिथून आरी, म्हणजे सुईसारखा देठ, निघते, खाली वाकते, जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला ही आरी बोटाने दाखवता येते. तेच मूल दसऱ्याच्या सुमारास परत आले आणि त्याने स्वतःच्या हाताने वेल उपटला, की आम्हाला काही समजावून सांगावे लागत नाही. सासूबाई मग नुसत्या चुलीवर शेंगा उकडत ठेवतात. डिसेंबरातल्या सहलीला त्या रानात नांगरटीशिवाय काही नसते.

तिसरी खेप गुऱ्हाळासाठी, थंडीत. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गुऱ्हाळे कमी होत चालली आहेत आणि बाजारात जाणाऱ्या गुळाचा रवा, म्हणजे मोठी ढेप, कशी तयार होते हे शहरातल्या मुलांनी बघितलेले नसते. इथे मात्र मी कडक आहे. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, जमिनीलगत असते. गूळ उतरवायच्या वेळी त्यातला पाक ११५ अंशांच्या वर गेलेला असतो. चुलवाणात चिपाड पेटलेले असते. पाच वर्षांच्या मुलाला हे लांबूनच, दोरीच्या अलीकडून दाखवायचे. पाक वाफ्यात, म्हणजे सपाट हौदात, ओतून निवला, की मग जवळ यायचे आणि काकवी चाखायची. वीस मुले दोरीच्या अलीकडे राहतात, ऐंशी राहत नाहीत.

सुरक्षेबद्दल शाळा काय विचारतात, तर नोंदणीचा कागद. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, तो कागद जरूर मागावा. पण विहिरीला कठडा आहे का, चारा कापायच्या कडबाकुट्टी यंत्राची वीज तोडलेली आहे का, भाजीवर शेवटची फवारणी कधी झाली, हे आजवर क्वचितच कोणी विचारले. गोठ्यातून बाहेर आल्यावर आणि खाऊला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला नळ किती आहेत, हेही नाही. लहान मुलांना जनावरांपासून पोटाचे आजार चटकन होतात, म्हणून आमच्याकडे खाऊचा डबा गोठ्याच्या आसपास उघडू दिला जात नाही. उसाचा पाला कापतो, तेव्हा बाह्या पूर्ण हव्यात. शेंगदाणा ज्याला चालत नाही त्या मुलाचे नाव आधीच कळवावे.

आणि धारोष्ण दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर फेसाळ पेला तोंडाला लावणारे हे शहर; त्यामुळे 'पोरांना ताजी धार पाजा की!' असा पालकांचा आग्रह होतो. आम्ही पाजत नाही. न तापवलेल्या दुधातून आजार जाऊ शकतात, त्यामुळे दूध उकळूनच मिळेल. यावरून एका पालकांनी आम्हाला 'तुम्ही कसले कोल्हापूरकर' म्हटले होते, ते आम्ही हसून सोडून दिले.

तीन खेपांचा खर्च कसा झेपणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी लांबचे ठिकाण सोडावे. शाळेपासून अर्ध्या तासावर शेत असेल तर सकाळी येऊन दुपारी परत जाता येते, जेवणावळ लागत नाही. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहेच, तो दिवस यासाठी वापरता येईल. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना दिले आहेत; त्याहून लहानांना मातीत हात घालण्याची गरज कमी असते असे मला वाटत नाही. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय याच शहरात सुरू केले. अनुभवातून शिकणे ही गोष्ट कोल्हापूरच्या शाळांना बाहेरून कुणी येऊन सांगावी अशी स्थिती नाही.

आमच्यासारख्या शेतकऱ्यांनाही एक सांगते. घसरगुंडी, डीजे, प्लास्टिकचे हरीण यांवर पैसे घालू नका. तो खर्च हात धुण्याच्या नळांवर आणि मुलांच्या उंचीच्या संडासावर करा. माणशी दर ठरवताना मात्र संकोच नको. त्या दिवशी घरची दोन-तीन माणसे कामाला मुकतात.

ज्या शाळांना ऑगस्टची खेप करायची असेल त्यांनी जूनमध्येच कळवावे आणि दोन तारखा हाताशी ठेवाव्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली, की आमच्याकडची सहल त्याच सकाळी रद्द होते. पालकांनी आगाऊ भरलेले पैसे पुढच्या तारखेला धरले जातात.

आपली,
एक शेतकरी वाचक
ता. करवीर, जि. कोल्हापूर