‘गहराई’चं नाव कसं काय राहिलं?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत भुताच्या पिक्चरांवर अख्खं पान दिलंत, आवडलं, पण नावं परत तीच की हो. रामसेंचा ‘पुराना मंदिर’, राम गोपाल वर्माचा ‘रात’ आणि आता ‘तुंबाड’. तुंबाड मलाही आवडतो, त्यावर वाद नाही. पण ‘गहराई’?

१९८० चा हिंदी पिक्चर, पण बघायला बसलात तर अर्धी मंडळी आपलीच निघतील, दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई, लिहिण्यात विजय तेंडुलकर, बापाच्या कामात डॉ. लागू आणि त्यांची पोरगी पद्मिनी कोल्हापुरे. बाप बंगलोरला साहेब, गावाकडची वाडवडिलांची जमीन साबणाच्या कारखान्याला विकून मोकळा होतो, जमीन सांभाळणारा बसवा नको म्हणत असतो पण हा कशाला ऐकतोय, आणि मग घरातल्या पोरीच्या अंगात येतं. पडकी हवेली नाही, पांढरी साडी नाही, चारचौघांसारखं घर. त्या घरात ती पोर बापाचं जुनं पाप बाहेर काढते, बसवाच्या बायकोचं. तिथं लागूंचा चेहरा बघा फक्त! भूत राहिलं बाजूला, ही आता अजून काय बोलते याचीच धास्ती वाटते. आणि गंमत बघा, ‘देवाला रिटायर करा’ म्हणणारे लागू, त्यांच्याच घरात इथं मांत्रिक येतात. त्यातला अमरीश पुरींचा मांत्रिक तर भूत परवडलं असा आहे.

आणि मराठीतला ‘लपाछपी’ पण राहिलाच. त्याचा हिंदी रिमेक ‘छोरी’ सगळ्यांना माहितीय, पण ती २०२१ ला आली आणि लपाछपी थेटरात २०१७ ला लागून गेला होता, दिग्दर्शक तोच, विशाल फुरिया. दिवस भरत आलेली पूजा सावंत, उसातलं घर आणि उषा नाईकांची तुळसाबाई, आधी इतकी माया करते की आपणच फसतो. निम्मी भीती भरदिवसा आहे हो. ऊस डोक्याच्या वर गेला की चार सऱ्या आत शिरल्यावर वाट कळत नाही, पाला हाताला कापतो आणि वारा नसताना पण कुठंतरी सळसळ होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण माहितीय.

पुढच्या वेळी या दोघांवर जरा सविस्तर लिहा, ‘तुंबाड’वर बरंच झालं.

आम्ही लपाछपी घरीच बघितला. आमचे हे पूर्ण वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून, म्हणे असल्याला मी भीत नाही. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी पाजायला जायचं होतं तर दीड वाजता धाकट्या दिराला उठवून सोबत नेलं, कारण काय तर बॅटरी चार्ज नाही.

तुमची एक वाचक, कराड