मासळी कापणाऱ्या हातांकडे कोण पाहणार?

संपादक महोदय,

अंगावर लाल व्रण असलेल्या सुरमईचा फोटो सध्या मोबाइलवर फिरतो आहे. खाली इशारा, ‘मासळी खाणे बंद करा.’ पुण्यातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून राहवत नाही.

समुद्रातल्या माशांनाही त्वचारोग होतात. जाळ्यात घासून खवले निघाले, परजीवी चिकटले, पाणी तापले किंवा दूषित झाले की अंगावरचा बुळबुळीत थर तुटतो आणि पाण्यात एरवीही असणारे जिवाणू आत शिरतात. व्हिब्रिओच्या अनेक जाती, फोटोबॅक्टेरियम डॅम्सेली, टेनासिबॅक्युलम ही त्यातली नेहमीची नावे. व्रणातून जे वाढले त्यानेच रोग केला, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. कितीतरी जिवाणू जखम झाल्यावर तिथे येतात. शिवाय बाजारात दिसणारी प्रत्येक लाल खूण रोगाची नसते, काही नुसती जाळ्याची खरचट असते. खोल, कडा सुजलेला व्रण असेल तर ती मासळी घेऊ नये. बाकी ताजी मासळी नीट शिजवली की हे जिवाणू मरतात. खाणाऱ्यांनी घाबरायचे कारण नाही.

मला काळजी आहे ती कापणाऱ्यांची. ‘मायकोबॅक्टेरियम मरीनम’ हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या समुद्री माशांत ओळखला गेला. माणसाच्या हाताला काटा लागला किंवा चीर पडली की तो तिथून शिरतो. त्याला ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो शरीराच्या थंड भागात, बोटांत आणि मनगटात, गाठी करतो. आमच्या ओळखीच्या एका मासळीवाल्या मावशींच्या बोटाची गाठ हळूहळू कोपराकडे सरकत गेली. मलमे झाली, गोळ्या झाल्या. काम काय करता, हे कुणी विचारलेच नाही. गाठीतला नमुना जंतू वाढतात का हे पाहायला ३७ अंशांवर ठेवला गेला आणि अहवाल आला, ‘वाढ नाही’. पुढे दुसऱ्या ठिकाणी तोच तपास ३० अंशांवर झाला, तेव्हा काही आठवड्यांनी जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवल्या आणि उजेडात ठेवल्यावर पिवळ्या झाल्या. औषधे कित्येक महिने चालली. बोट वाचले, पण ते अजून पुरते मिटत नाही.

व्हिब्रिओ व्हल्निफिकसची तऱ्हा याच्या उलट. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या जखमेत तो गेला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततो. काटा लागल्यावर हात भराभर सुजला, फोड आले, ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना विनंती, की हातावरची न भरणारी जखम दिसली तर आधी व्यवसाय विचारा आणि तपासणीच्या चिठ्ठीवर ‘मासळीचे काम’ असे स्पष्ट लिहा. ते वाचल्याशिवाय प्रयोगशाळेतला माणूस नमुना ३० अंशांवर ठेवणार नाही. गणेश पेठेतल्या मासळी बाजारापासून उपनगरांतल्या छोट्या बाजारांपर्यंत ओट्याजवळ वाहते पाणी, साबण आणि जाड हातमोजे हवेत. ही महापालिकेला न परवडणारी गोष्ट नाही.

आणि व्रणाचा फोटो काढणाऱ्यांनी मासळी कोणत्या बंदरातून आली, कधी आली हे विक्रेत्याला विचारून मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे. मासा बर्फात ठेवावा, फ्रीझरमध्ये नको; गोठवल्यावर बरेच जिवाणू मरतात आणि तपासायला फारसे काही उरत नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कसबा पेठ, पुणे