कोपराखालच्या त्या एका ओळीसाठी

प्रिय दादा,

तुम्हाला खासगीत निरोप पाठवूनही भागलं असतं, पण हे मला चारचौघांत सांगायचं आहे.

लेगोच्या तुकड्यांतून घडवलेल्या तुमच्या नव्या योद्ध्याचे फोटो पाहिले. पाठीवरचे पंख, छातीतली गिअरची रांग, सगळं डोळे भरून पाहिलं आणि मग खालचं वर्णन वाचायला घेतलं. पहिलीच ओळ होती, ‘यातल्या कोपराची रचना माझी नाही’, आणि पुढे माझं नाव. मी ती ओळ आईला वाचून दाखवली. बॉल-जॉइंट म्हणजे खोबणीत गोळा बसवून सगळीकडे वळणारा सांधा, हे तिला ठाऊक नाही, पण लेकीचं नाव कुणीतरी मानाने घेतलंय, एवढं तिला पुरेसं होतं.

हा छंद ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. लेगोने 2001 मध्ये बायोनिकल ही मालिका जगभर आणली आणि टेक्निक या लेगोच्याच यांत्रिक मालिकेतले दांडे, पिना, बॉल-जॉइंट यांतून हलते योद्धे उभे राहिले. पहिल्या ताहूला, म्हणजे मालिकेतल्या ‘तोआ’ नावाच्या नायक-योद्ध्यांपैकी एकाला, गुडघा नव्हता. तोआ योद्ध्यांना गुडघे 2004 मध्ये आले आणि कोपर 2006 मध्ये. मालिका 2010 मध्ये थांबली, 2015 मध्ये परतली, पुढच्याच वर्षी पुन्हा बंद पडली. सुट्या भागांतून स्वतःच्या कल्पनेचे योद्धे घडवणारे आम्ही लोक मात्र चालूच राहिलो. आमच्या या कामात एखादा नवा सांधा सुचणं ही मोठी गोष्ट असते. मूठ खांद्याला टेकेल इतका दुमडणारा आणि तरी हातातल्या तलवारीचं वजन पेलणारा कोपर सुचायला माझ्या कितीतरी रात्री गेल्या.

तोच कोपर याआधी एकाने जसाच्या तसा उचलला होता. विचारलं तर म्हणाला, ‘तुकडे सगळ्यांकडे तेच असतात, त्यात तुझं काय?’ भाग तेच असतात हे खरंच. जोडणी कुणाची, हा प्रश्न होता. त्याहून जास्त लागलं ते ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा जुन्या मंडळींचं गप्प बसणं. त्यानंतर मी काही दाखवणंच सोडलं होतं.

तुम्ही मला गुडघ्यासाठीही मदत केलीत. राखाडी पिन सैल फिरते, काळीच्या अंगावर बारीक उंचवटे असतात म्हणून ती पकड धरते, हे तुमच्याकडून कळलं आणि माझा जड योद्धा पहिल्यांदा आधाराशिवाय उभा राहिला. त्याचे आभार आहेतच. पण ती माहिती आणखी कुणीही दिली असती. कोपर वापरण्याआधी ‘चालेल का?’ असं विचारणारे तुम्ही एकटेच.

जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने 1995 मध्ये एलड्रॉ तयार केलं आणि संगणकावर लेगोची मॉडेलं रचण्याची सोय सगळ्यांना फुकट दिली. 1997 मध्ये तो गेला. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी ते काम वाढवलं, आणि त्यातल्या प्रत्येक भागाच्या फाइलमध्ये तो भाग रेखाटणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आजही पाळतात. साध्या आठ बटणांच्या विटेची फाइल उघडली तरी जेसिमनचं नाव दिसतं. कुणी पैसे देत नाही, तरी नाव पुसत नाहीत. दादा, तुम्ही त्या जातीची माणसं. अशा माणसांमुळेच आपलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवायला भीती वाटत नाही.

कोपराची सुधारलेली फाइल आता सगळ्यांसाठी खुली केली आहे. मनगटही त्यात जोडलंय. तुमच्या योद्ध्याच्या मानेचा जोड मात्र फोटोंवरून मला अजून उलगडत नाहीये. सवडीने त्याची फाइल पाठवा. वापरला तर तुमचं नाव पहिल्या ओळीत लिहीन.

तुमची,
कोपरवाली