प्रवेशाच्या दिवशी ‘सर्व्हर डाउन’ का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदाच राज्यभर लागू झाली. २१ मे रोजी नोंदणी खुली व्हायची होती, पण संकेतस्थळाने त्याच दिवशी मान टाकली आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे गेली. त्याआधी १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागला, तेव्हाही निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. अशा वेळी ‘एकदम लोड आला’ हे उत्तर हमखास ऐकू येते. डेटा सेंटरच्या कामात वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला हे उत्तर मान्य नाही.

निकालाची तारीख आणि वेळ मंडळच जाहीर करते. किती मुले परीक्षेला बसली, हा आकडाही मंडळाकडेच असतो. दरवर्षी तो पंधरा-सोळा लाखांच्या घरात असतो. मुलगा, आई, बाबा आणि मामा असे चौघे चार मोबाइलवरून एकच निकाल बघणार, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. इतकी आधी कळलेली गर्दी बँका किंवा ऑनलाइन दुकानांच्याही वाट्याला क्वचितच येते.

ही गर्दी पेलण्याचे तंत्र जुने आहे. एकाच मोठ्या सर्व्हरवर भिस्त न ठेवता अनेक सर्व्हर लावायचे आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर बसवायचा. येणारी प्रत्येक विनंती तो मोकळ्या सर्व्हरकडे धाडतो, दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करतो आणि जो उत्तर देत नाही त्याला रांगेतून बाजूला काढतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आता बहुतेक सरकारी निविदांत ‘लोड बॅलन्सर’ हा शब्द असतोच. तरीही साइट पडते, कारण तो शब्द लिहिला की काम झाले असे मानले जाते.

बॅलन्सर एकच असेल तर तो पडला की मागचे सगळे सर्व्हर धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतात. म्हणून तो जोडीने हवा. एक बंद पडला तर दुसऱ्याने त्याच पत्त्यावर उभे राहायला हवे. सर्व्हर मोजतानाही गफलत होते. दोन सर्व्हर प्रत्येकी सत्तर टक्के भरून चालत असतील, तर एक जाताच दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्के भार येतो आणि तोही जातो. सर्व्हरची ती विचारपूस, म्हणजे हेल्थ चेक, पुष्कळदा नुसते ‘यंत्र चालू आहे का’ एवढेच विचारतो. यंत्र चालू असते, पण त्याचा डेटाबेसशी, म्हणजे सगळी माहिती साठवणाऱ्या यंत्रणेशी, संबंध तुटलेला असतो, आणि बॅलन्सर बिचाऱ्या मुलांना तिकडेच पाठवत राहतो. शिवाय दहा नवे सर्व्हर लावले तरी ते सगळे एकाच डेटाबेससमोर उभे असतील, तर खोळंबा फक्त एक पायरी मागे सरकतो. माझ्या अनुभवात साइट बहुतेकदा इथेच अडते.

निकाल आणि अर्ज ही दोन वेगळी कामे आहेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. निकाल फक्त वाचायचा असतो. तो आदल्या रात्रीच प्रत्येक बैठक क्रमांकासाठी तयार पानाच्या रूपात ठेवता येतो आणि देशभरच्या कॅश सर्व्हरवरून, म्हणजे तयार पानांच्या प्रती ठेवणाऱ्या यंत्रांवरून, देता येतो. डेटाबेसला हातही लावावा लागत नाही. अर्जात माहिती लिहिली जाते, पसंतीक्रम जतन होतो, शुल्क भरले जाते. तिथे डेटाबेस टाळता येत नाही, म्हणून दारातच रांग हवी. पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी: आत एका वेळी झेपतील तेवढेच, आणि बाहेरच्यांना आपला क्रमांक कधी येणार हे दिसत राहते. रांग दिसली की माणूस थांबतो. कोरा पडदा दिसला की तो पुन्हापुन्हा रिफ्रेश करतो आणि आधीच दमलेल्या यंत्रणेवर दुप्पट-तिप्पट भार टाकतो. एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय अडखळले, तेव्हाही व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा असाच पूर आला होता.

बेजबाबदारीला किंमत मोजावी लागते तिथे चित्र बदलते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबला तो पावणेचारला सुरू झाला. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या असूनही दोन्हींत बिघाड झाला आणि जोखीम सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. त्यानंतर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. दिरंगाई झाली तर संस्थेला आर्थिक झळ बसते; २०२४ पर्यंत ती वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही बसत असे. शेअर बाजाराला हा नियम आहे, मग लाखो मुलांच्या प्रवेशाला का नाही?

साइट बंद असते तेव्हा शहरातला मुलगा घरी बसून वाट बघतो. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावरची मुलगी एसटीने तालुक्याला येते, महा ई-सेवा केंद्रात दिवसभर बसते आणि अर्ज न भरताच परतते. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांची आणखी एक रोजी बुडते. मुदतवाढीच्या परिपत्रकात या खर्चाची नोंद नसते.

शालेय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की पुढच्या प्रवेशाआधी अपेक्षित गर्दीच्या किमान दुप्पट भाराची चाचणी त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी आणि तिचा अहवाल नोंदणीच्या आठवडाभर आधी संकेतस्थळावर टाकावा. त्या चाचणीत भर गर्दीत एक सर्व्हर आणि एक बॅलन्सर मुद्दाम बंद करून पाहावा. साइट पडलीच, तर नेमके काय बिघडले हे पंधरा दिवसांत लेखी जाहीर करावे आणि जेवढे तास ती बंद होती, तेवढी मुदतवाढ कुणी मागण्याची वाट न बघता द्यावी. कंत्राटदाराच्या देयकातून कपात करण्याचे कलमही या संकेतस्थळाच्या निविदेत असावे.

आपला,
एक वाचक, पिंपरी-चिंचवड