बेल्ट सैल असलेल्या प्लेअरची गोष्ट

सावंतवाडी,
14 जुलै

प्रिय सुन्या,

परवा फोनवर म्हणालास, "अजून तोच ट्रान्स ऐकतोस? त्या यंत्रांच्या ढुमढुममध्ये आहे तरी काय?" मी हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या प्लेअरचा बेल्ट सैल होता, सगळं संथ वाजायचं, आठवतं? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली ती बिननावाची कॅसेट आपण वर्षभर त्यावर ऐकली. पुढे कॉम्प्युटरवर तेच गाणं सापडलं तेव्हा वाटलं, कुणी मागे लागल्यासारखं वाजतंय! 'एज ऑफ लव्ह'. मूळ 1990 चं, आपल्याकडचं मात्र फ्रँकफर्टच्या जॅम अँड स्पून या जोडीने 1992 मध्ये नव्याने बांधलेलं. दोन दिवस चुकल्यासारखं झालं, मग कान बसला. वेग वाढला तरी गाण्याचा निवांतपणा गेला नव्हता.

तो निवांतपणा थोडाफार यंत्रांच्या अडचणीतून आलाय, असं मला वाटतं. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर गोवा गिल वगैरे डीजे मंडळी डॅटवर, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर, गाणी वाजवायची. त्यात दोन गाण्यांचा वेग जुळवायची सोय नसे. मग गाणी करणारेच सुरुवातीला आणि शेवटाला ठेका नसलेला लांबलचक भाग ठेवायचे, म्हणजे एक विरताना दुसरं हळूच आत घेता येई. आपण तिथे गेलो त्या रात्री नाचलो कमी, चटईवर बसून चहाच जास्त प्यायलो. स्टोव्हची घरघर आणि गाण्याचा घुमारा यांतलं कुठलं कुठे संपतं तेही कळत नव्हतं.

आणि ते 303! रोलंड या जपानी कंपनीने गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली चंदेरी इलेक्ट्रॉनिक पेटी. त्या कामाला कुणी घेतली नाही, 1984 मध्ये बनवणंच बंद झालं, आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली म्हणून ही गाणी करणाऱ्या पोरांच्या हाती लागली. सोळा घरांत स्वर भरायचे, ते गोल फिरत राहतात. मग आवाज दबका किंवा मोकळा करणारं कटऑफचं बटण केसभर फिरवायचं. आधी गोधडीखालून कुणी बोलतंय असा आवाज. चार मिनिटांनी तेच स्वर चिरकत, पाझरत वर आलेले असतात. स्वर एकही बदललेला नसतो रे! आपल्या सप्ताहात पहाटे तीनला तेच नाम, तीच चाल, फक्त झांजा चढत जातात ना, तसं. (अध्यात्म मी यात आणत नाहीये. लोक उगाच आणतात.)

गंमत म्हणजे मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच याच पेटीवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारा हा माणूस मला भेटायला हवा होता. 2015 मध्ये गेले.

नंतरचा ट्रान्स मला फारसा लागत नाही. 1996 मध्ये रोलंडचाच जेपी-8000 हा सिंथेसायझर आला, त्याचा तो जाडजूड गोड आवाज सगळीकडे पसरला. मध्येच ठेका थांबवायचा, ड्रम वाढवत न्यायचा, आता हात वर करा! रडायचं कधी तेही गाणंच सांगणार. जुनं गाणं तुला काही सांगत नाही, ते आपलं चालू असतं. तू तुझ्या वेळेला आत शिर.

कॅसेट माझ्याकडे आहे अजून. तो प्लेअर माळ्यावर असेल तर भंगारात घालू नकोस, गणपतीला येताना घेऊन ये. आणि दुरुस्तीला टाकलासच, तर बेल्टला हात लावू देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या